अमावास्येची मीटिंग

आमच्या मंडळींचं कॅलेंडर म्हणजे कम्प्युटरमधलं एक फोल्डर आहे. त्यात प्रत्येक मीटिंगची एक छोटी फाईल, नुसत्या साध्या अक्षरांची. रंग नाहीत, चौकटी नाहीत, देवाचं चित्र तर नाहीच नाही. फाईल उघडली की मोजक्या ओळी दिसतात: मीटिंगचं नाव, वार, वेळ, दर आठवड्याला की आठवड्याआड, कुठल्या खोलीत, कोण चालवणार आणि कशासाठी. एक प्रोग्रॅम या सगळ्या फाईली वाचतो आणि त्यावरून जगभरातल्या लोकांच्या मोबाईलमध्ये मीटिंगा उमटतात. एकाच खोलीत एकाच वेळी दोन मीटिंगा कोणी लिहिल्या, तर हा प्रोग्रॅम अडून बसतो आणि मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. एवढी हुशार माणसं आणि कॅलेंडर असलं, किराण्याच्या चिठ्ठीसारखं!

मंडळी म्हणजे कोण, तेही सांगते. मी बुऱ्हाणपुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमची पुस्तकांची देवघेव ज्या सॉफ्टवेअरवर चालते ते कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. देशोदेशीचे लोक मिळून ते लिहितात आणि फुकट देऊन टाकतात. कोणालाही त्यात डोकावता येतं, बदल सुचवता येतो. मी काही बदल सुचवायला गेले नव्हते, मी भांडायला गेले होते. दुसऱ्याच्या चुका मला मुळातच खपत नाहीत, आणि त्यांच्या एका मीटिंगची वेळ माझ्या मोबाईलमध्ये भलतीच दिसत होती. तेव्हा कॅलेंडर सांभाळायचे ते गृहस्थ उत्तरेकडच्या एका थंड देशात राहतात. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्यांचं वय मी त्यांच्या सहनशक्तीवरून साठीच्या पुढचं धरलं आहे. माझ्या तणतणाटाला त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, की फाईल तुमच्यासमोरच आहे, दुरुस्त करून पाठवा, मी वाचतो.

मी मोठ्या तोऱ्यात दुरुस्त करून पाठवली. त्यांनी वाचली आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, की तुम्ही भारतातली वेळ लिहिली आहे, इथं सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. पुन्हा पाठवली, त्यांनी पुन्हा वाचली आणि खाली 'ठीक' असं लिहून आत घेतली. नंतर लगेच विचारलं, की तुमची नजर चांगली आहे, माझेही बदल वाचाल का?

इथे मला पहिल्यांदा या कामाचा मोठेपणा कळला. त्यांच्यात एक नियम होता, की कोणीही एकट्यानं बदल आत घ्यायचा नाही. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं ओळ न ओळ वाचून 'ठीक' म्हणायचं. ही सगळी व्यवस्था या गृहस्थांनीच उभी केलेली, तरी फाईलमधली एखादी रिकामी जागा काढायलाही ते माझ्या 'ठीक'साठी थांबायचे. मी ग्रंथालय उघडून, झाडलोट करून घेऊन, चहा पिऊन मग सावकाश 'ठीक' म्हणायचे, तोपर्यंत हे आपले बसलेले. आमच्याकडे एका मीटिंगची तीन परिपत्रकं निघतात आणि तिन्हींत वेळ वेगळी असते, ती काढायला कोणी कोणाला विचारत नाही. अशा जागी वाढलेल्या बाईला ही शिस्त बघून भरून आलं, खरंच सांगते.

हळूहळू कॅलेंडरचं बरंचसं काम माझ्याकडे आलं. वर्षातून दोनदा पाश्चात्त्य लोक आपली घड्याळं पुढेमागे करतात आणि मग माझ्याकडे तक्रारी येतात, की अमुक मीटिंग एक तास सरकली. मी सगळ्यांना एकच उत्तर देते: मीटिंग जागेवरच आहे, हललात तुम्ही. या उत्तरावर त्या गृहस्थांनी एकदा हसरा चेहरा पाठवला होता. तेवढाच, पुन्हा कधी नाही.

आता जिच्यामुळे या कॅलेंडरात अमावास्या आली तिच्याबद्दल. ती आमच्या कॉलेजची विद्यार्थिनी. माझ्या ग्रंथालयात खिडकीशेजारी, बाहेरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, तासन्तास वाचत बसायची. पुढे तापीपलीकडे जैनाबादला केळीवाल्यांच्या घरात लग्न होऊन गेली. आमचं सॉफ्टवेअर मराठीत यावं म्हणून मी ज्यांना ज्यांना गळ घातली, त्यांच्यातली तीच एक टिकली. आणि काय मराठी केलं तिनं! आधीच्या कोणी तरी एका ठिकाणी 'प्रत्यर्पण प्रलंबित' असं लिहून ठेवलं होतं. तिनं ते खोडून 'पुस्तक अजून परत आलेलं नाही' असं लिहिलं. अशी शेकडो वाक्यं तिनं माणसांच्या भाषेत आणली, ती भाकरी करता करता, बागेत पाणी सोडता सोडता, मोबाईलवर. तिच्या सासूबाई म्हणायच्या, "सदा हातात मोबाईल. काय अंडे देते का तो?" ती हसून सोडून द्यायची.

पण केलेलं काम आत घ्यायचा हक्क तिच्याकडे नव्हता. तो ज्यांच्याकडे होता ती माणसं दूरची आणि कामाची, त्यांना मराठी वाचायला सवड मिळायची नाही. तिची वाक्यं दारात पडून राहायची आणि तोवर मूळ सॉफ्टवेअर बदलून शिळी व्हायची. तो हक्क, आम्ही त्याला किल्ली म्हणतो, तिला मिळायला हवा होता. त्याचीही रीत ठरलेली. माणसानं आधी काही मीटिंगांना यायचं, मग त्याचं नाव मीटिंगमध्ये मांडायचं, त्या वेळी त्यानं स्वतः हजर राहून उत्तरं द्यायची. आमच्या मीटिंगा तोंडी नसतात, सगळे टाइप करतात आणि त्याची नोंद राहते. अशी नोंद ठेवणारी इंटरनेटवरची खोली एकच, त्यामुळे तिथे एक गट उठला की दुसरा बसतो.

भाषांतराच्या गटाची मीटिंग मीच चालवते. ती गुरुवारी असायची, आपल्याकडच्या दुपारी दीडला, सगळ्या देशांना त्यातल्या त्यात सोयीची. तिला मात्र ती कधीच जमायची नाही. केळीची कापणी कुठल्या दिवशी निघेल ते आदल्या दिवशीपर्यंत कळत नाही. गाडी आली की कापणाऱ्या मजुरांची टोळी येते, घड उतरतात, आणि नवरा बाजारात असल्यानं बागेतलं सगळं तिच्या अंगावर. गुरुवार सोडून मी बुधवार करून पाहिला, शनिवार करून पाहिला. कापणी नेमकी त्याच दिवशी. मग एकदा फोनवर ती म्हणाली,

"मॅडम, अमावस्याले ठेवा ना मीटिंग. त्या दिवशी आमची टोळी विळा हातात नाही धरत. फुल छुट्टी. पक्की."

मला हसू फुटलं. अगं, आमची फाईल वार जाणते, आठवड्याआड जाणते, महिन्याचा पहिला गुरुवार जाणते, चंद्राचं तिला काय कळणार? तरी मी त्या गृहस्थांना लिहिलं. नाही म्हणतील आणि विषय संपेल, अशा समजुतीनंच लिहिलं.

त्यांनी आधी विचारलं, की हा दिवस काय असतो आणि त्या दिवशी कोण मोकळं होतं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा बदल माझ्यापुढे वाचायला हजर! त्यांनी प्रोग्रॅमला एक नवी ओळ शिकवली होती. ज्या मीटिंगला वार नाही तिच्या फाईलमध्ये सरळ तारखा लिहाव्यात, एकाखाली एक. मी विचारलं, की चंद्राचं गणितच प्रोग्रॅममध्ये का घालत नाही, तुम्हाला तर येईल. त्यावर त्यांनी लिहिलं, की गणित चुकलं तर ते माझ्यासारख्या एखाद्यालाच दुरुस्त करता येईल. तारीख चुकली तर ज्याला दिसेल तो दुरुस्त करील. मी त्यांच्या या एका वाक्यावर आजवर कित्येक जणांना व्याख्यानं दिली आहेत.

मग ती आणि मी, आम्ही दोघींनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या काळ्या गोलांवरून तारखा काढल्या. मी लिहिल्या, तिनं वाचून 'ठीक' म्हटलं. जगभरातल्या भाषांतरकारांच्या मोबाईलमध्ये बुऱ्हाणपूरची अमावास्या उमटू लागली. नाक कोणीच मुरडलं नाही. उलट पूर्वेकडच्या देशातल्या एका बाईंनी कौतुकानं लिहिलं, की आमच्याकडेही अजून चंद्रावरून सण ठरतात. आणि जैनाबादहून ती मीटिंगांना येऊ लागली. सुरुवातीला बुजली, मग बोलू लागली, मग वाद घालू लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

तिचं नाव मांडायची मीटिंग आली तेव्हा वेळ अगदी काठावर येऊन ठेपली होती. नवी आवृत्ती निघायची होती. त्या मीटिंगनंतर दारं बंद होणार आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत नवीन भाषांतर आत जाणार नाही. म्हणजे किल्ली त्या दिवशी मिळाली नाही, तर तिचं सगळं मराठी पुन्हा शिळं. ती मला आधीच बोलली होती, "या बारीले नाही झालं तर सोडते मॅडम. घरी रोज काय सांगू, कशासाठी करते म्हणून?" ती तक्रार करणारी नव्हे, म्हणून मला त्या बोलण्याची भीती वाटली.

मीटिंग बुधवारी होती. मंगळवारी सकाळी मी ग्रंथालयाचं कुलूप काढते आहे तोच तिचा फोन.

"मॅडम, गडबड झाली. घरी आज सामसूम आहे. मुकादम म्हणे अमावस आज आहे, रातले चांद नाही म्हणजे आजच. उद्या गाडी लागते."

मी धावत आत जाऊन भिंतीवर पाहिलं. अमावास्या आज दुपारी लागत होती आणि उद्या दुपारच्या आत संपत होती. उद्याच्या सूर्योदयाला ती असणार, म्हणून काळा गोल उद्यावर. आम्ही ऑफिसातली, शाळा-कॉलेजातली माणसं छापलेल्या गोलावर चालणारी. टोळी अंधाऱ्या रात्रीवर चालणारी. आधीच्या महिन्यांत गोल आणि रात्र एकाच दिवशी आल्यानं हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. जगातल्या कुठल्याही मीटिंगच्या वाट्याला न आलेली चूक आम्ही दोघींनी मिळून केली होती, वर त्यावर रीतसर 'ठीक' लिहिलं होतं.

मी ताबडतोब बदल लिहिला, बुधवार काढून मंगळवार, आणि त्या गृहस्थांना पाठवला. त्यांनी तो आत घेतला नाही. आमच्यात असा नियम आहे, की मीटिंग रद्द कधीही करता येते, पण हलवायची तर दोन दिवस आधी सांगावं लागतं. त्यांनी तेवढंच लिहिलं, की लोकांनी या फाईलवर विसंबून आपला दिवस लावला आहे, तो हलवणं माझ्या हातात नाही. माझं पित्तच खवळलं. नियम माणसांसाठी की माणसं नियमांसाठी, तुमच्या देशात केळी पिकत नाहीत म्हणून तुम्हाला काय कळणार, असं काय काय मी लिहिलं. पाठवलंही. मी तिला फोन करून सांगितलं, की मीटिंग उद्याच आहे, जमेल तशी ये. ती नुसतं "बघते" म्हणाली. तिच्या आवाजावरून तिनं मनातून सोडून दिलंय हे मला कळलं.

बुधवारी सकाळी कम्प्युटर उघडला तर माझ्या 'ठीक'साठी एक बदल थांबलेला. पाठवणारे तेच. मला वाटलं, आता हे कॅलेंडर सोडताहेत. पाहते तर काय, दर बुधवारी आपल्या अडीचला त्याच खोलीत त्यांच्या स्वतःच्या गटाची मीटिंग असते, म्हणजे आज आमच्यानंतर लगेच, ती त्यांनी त्या दिवसापुरती रद्द केली होती. नियमात बसणारं. खाली कारण लिहिलं होतं: 'खोली आज जास्त वेळ लागू शकेल.' कालच्या माझ्या बोलण्याबद्दल एक अक्षर नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. समोर एक मुलगा पुस्तक घेऊन उभा होता, त्याला थांबवून मी आधी डोळे पुसले. मग 'ठीक' लिहिलं.

दीड वाजता मीटिंग सुरू केली. ती नव्हती. मी बाकीचे विषय घेतले, होतील तेवढे लांबवले. अडीच वाजले. एरवी या ठोक्याला आम्ही खोली सोडतो, त्या दिवशी कोणी हललं नाही. आणि मग त्या गृहस्थांनी तोंड उघडलं, जे कधी वाजवीपेक्षा एक शब्द जास्त बोलत नाहीत. त्यांना अमावास्येबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. ती लागते म्हणजे काय, एक दिवस दोन तारखांत कसा मावतो, गोल छापणारे कोण. मी समजावत गेले, ते शंका काढत गेले. पूर्वेकडच्या बाईही त्यात उतरल्या. इतकी चिवट, इतकी बिनकामाची आणि इतकी सुंदर चर्चा मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही.

मग खाली एक ओळ उमटली: 'मी आले. उशीर झाला.'

माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच तिचं नाव मांडलं. तिची उत्तरं तुटक येत होती, एकेक शब्द, मध्ये मोठी विश्रांती. केळीच्या चिकानं बोटं माखली की मोबाईलची काच ऐकत नाही, हे तिनं मला नंतर सांगितलं. शेवटी त्या गृहस्थांनी नेहमीचा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येकाला विचारतात: कोणाचं काम दुसऱ्यानं वाचल्याशिवाय आत घेणार का?

तिनं लिहिलं: 'नाही. माझंही नाही.'

सगळ्यांनी खालोखाल 'हो' लिहिलं. पहिला 'हो' त्यांचा होता.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ती हसत होती आणि रडतही होती. दीडपर्यंत गाडी अर्धीही भरली नव्हती, ती घड मोजून घेत होती. तिचं लक्ष सारखं मोबाईलकडे जाताना सासूबाईंनी पाहिलं. काय आहे म्हणून विचारलं. तिनं सांगितलं. सासूबाई गेल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "जेवून घ्या आता सगळे. सुनेची मीटिंग आहे." गाडी भरल्यावरच जेवायचं असं ठरलेलं होतं, मुकादम कुरकुरला, गाडीवाला ओरडला. त्या ढिम्म. सगळ्यांना झाडाखाली बसवून स्वतः वाढायला उभ्या राहिल्या.

दारं बंद व्हायच्या आत तिचं मराठी आत गेलं, माझ्याकडून वाचून घेऊन. आता आमच्या पडद्यावर 'पुस्तक अजून परत आलेलं नाही' असंच येतं.

पुढच्या तारखा नव्यानं काढायच्या होत्या, तेव्हा मात्र मी भिंतीकडे पाहिलं नाही. रविवारी ऑटो करून पूल ओलांडला आणि जैनाबादला गेले. अंगणात सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना दूरदेशीच्या त्या माणसाची गोष्ट सांगितली, त्यानं आपली मीटिंग सोडून आमच्यासाठी जागा कशी केली ते. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग त्या बाबाले जेवाले उशीर झाला असंन त्या दिवशी."

मग त्यांनी आतून आपलं पंचांग मागवलं, मुकादमाला फोन लावला, आणि त्या एकेक अमावास्या बोलत गेल्या. सून मोबाईलवर फाईलमध्ये लिहीत गेली, एकाखाली एक, प्रत्येक तारखेपुढे मराठीत वार. लिहून झाल्यावर सवयीनं तिनं मोबाईल माझ्याकडे केला. मी हात पुढे केला नाही, सासूबाईंकडे बोट दाखवलं.

तिनं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "आई, तुम्ही वाचा ना."

सासूबाईंनी चष्मा लावला. त्या साध्या अक्षरांवरून बोट फिरवत, मोठ्यानं, एक ओळ न सोडता त्यांनी सगळं वाचलं. एका तारखेशी थांबल्या, पंचांगात पाहिलं, पुन्हा पुढे गेल्या. मग मोबाईल सुनेच्या हातात परत देऊन म्हणाल्या,

"ठीक आहे. टाक आत."